ते फलाट नव्हेत, गोदामांची जोती आहेत!

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हार्बर मार्गालगतच्या जुन्या मालवाहू रुळांवरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. रात्रीच लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, झोपा आधी. म्हणून आज लिहितोय. राग काही फार उतरलेला नाही.

रूळ गूढ, गोदामं गूढ, झुडपात शिरलेला डेड एंडचा ठोकळाही गूढ! लेखकमहाशयांनी हे सगळं गाडीच्या खिडकीतून टिपलेलं दिसतं. त्यांचाही दोष नाही म्हणा. हार्बरला जलद गाडीच नाही, त्यामुळे बघायला वेळ भरपूर मिळतो. पण कॉटन ग्रीनला उतरून समोरच्या टपरीवर कुणालाही विचारलं असतं, तर अर्धं गूढ एका कटिंगमध्ये सुटलं असतं.

मुख्य तक्रार फोटोखालच्या ओळीची. ‘बंद पडलेल्या स्थानकाचा निर्जन फलाट’ म्हणे! अहो, तिथे स्थानक नव्हतंच कधी. ते कापसाच्या गोदामाचं जोतं आहे. कंबरेएवढं उंच बांधलंय ते वॅगनचा तळ आणि गोदामाची जमीन एका पातळीत यावी म्हणून. मध्ये फळी टाकली की पावणेदोनशे किलोची गासडी उचलावी लागत नाही, ढकलत आत नेता येते. नीट पाहिलं असतं तर त्या ‘फलाटा’ला ओळीनं लोखंडी दारं आहेत, हेही दिसलं असतं. कुठल्या स्थानकाला अशी दारं असतात?

मला हे ठाऊक आहे कारण माझे वडील त्याच रांगेत हमालांच्या टोळीत कामाला होते. पाटण तालुक्यातून आलेले, शिवडीत गाळ्यात राहणारे. शाळेला सुट्टी असली की दुपारचा डबा घेऊन मी जायचो. गेटवर आधी खिसे तपासायचे. विडी-काडी आत नेऊ द्यायचे नाहीत. कापूस तो, एक ठिणगी पुरे. वडिलांची काडेपेटी रोज गेटवरच्या फळीवर पडून असायची.

इंजिन वॅगन आणून सोडून जायचं, पण वॅगनचं दार नेमकं गोदामाच्या दारासमोर थोडंच उभं राहतं? चार हात पुढे, नाहीतर सहा हात मागे. मग इंजिनाची वाट कोण बघणार? चाकाखाली पहार घालायची, दोघांनी रेटायची, बाकीच्यांनी खांदा लावायचा. भरलेली वॅगन पहारेनं सरकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वॅगन वेळेत रिकामी झाली नाही की डॅमरेज, म्हणजे वॅगन अडवल्याचा दंड, चढायचं. मग व्यापारी मुकादमावर ओरडायचा आणि मुकादम टोळीवर. त्यामुळे पाऊस असो, रात्र असो, खाली केल्याशिवाय सुटका नसे. वडिलांच्या उजव्या खांद्याला शेवटपर्यंत घट्टा होता. तो काही गूढ नव्हता.

तुमच्या लेखात कॉटन एक्स्चेंजच्या हिरव्या इमारतीचा फोटो पाव पान आहे. इमारत सुंदरच आहे, वाद नाही. पण माथाडी हा शब्द अख्ख्या लेखात एकदाही नाही. ज्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटील लढले, ज्यांच्यासाठी १९६९ चा कायदा झाला, त्यांच्यातले कितीतरी जण याच गोद्यांमधले आणि मालधक्क्यांवरचे. दलालांची इमारत वारसा आणि हमालांचं जोतं निर्जन फलाट! छान.

आणि हे रूळ ‘दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी टाकले’ हे कुठून आणलंत? मुंबई बंदराच्या पोर्ट ट्रस्टची रेल्वे १९१५ ची. बॅलार्ड पिअर ते वडाळा, आणि वडाळ्याला जी.आय.पी. (आताची मध्य रेल्वे) व बी.बी.सी.आय. (आताची पश्चिम रेल्वे) दोन्हींशी जोड. कापूस, धान्य, रॉकेल यांसाठी. कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीच्या भरावावर आला तोही महायुद्धाच्या कितीतरी आधी. कुर्ला-रे रोड फाटा तर १९१० चा. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी याच मार्गानं व्हीटीहून कुर्ल्याला गेली, हे शताब्दीच्या वेळी तुम्हीच पानभर छापलं होतं. आपला जुना अंक आपणच वाचायला हरकत नसावी. चेंबूरचा फाटा मुळात शहराचा कचरा वाहायला टाकलेला, माणसं त्यावर १९२४ पासून बसू लागली, हेही सांगता आलं असतं. पण त्यात फोटोजोगं काही नाही ना.

रूळ ‘अचानक ओस पडले’ हेही खरं नाही. ट्रक आले, कंटेनर आले, १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं, गिरण्या तर त्याआधीच बसल्या. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. आम्ही बघत होतो.

आता रुळांचा विषय काढलाच आहे तर एक गोष्ट. लेखात ‘डांबरातून डोकावणारे रूळ गतकाळाची साक्ष देतात’ असं वाक्य आहे. साक्ष माझं डावं मनगट देईल. हे रूळ रस्त्याला तिरके जातात. पावसात स्कूटरचं पुढचं चाक त्या खाचेत गेलं की माणूस आडवा. मी गेल्या पावसाळ्यात झालो. प्लास्टर निघाल्यावर अर्ज घेऊन गेलो, तर एका कार्यालयात म्हणाले, डांबर आमचं, रूळ त्यांचे. दुसरीकडे म्हणाले, रूळ आमचे असले तरी रस्ता त्यांचा. नावं लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. ज्यावरून गाडी जायची नाही ते रूळ काढून तरी टाका, नाहीतर खाच भरा. एखादा तुकडा जपायचाच असेल तर गोदामाशेजारी जपा, वाहत्या रस्त्यात कशाला? यावर तुमचा वार्ताहर फिरकला तर मी स्वतः जागा दाखवीन. पायीच या म्हणावं.

फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. गेल्या वेळी दुरुस्ती छापलीत ती राशिभविष्याखाली, भिंग लावून वाचावी लागली. आणि माझं पत्र कापायचंच असेल तर मनगटाचा भाग खुशाल कापा, पण टोळीचा परिच्छेद तसाच ठेवा.

आपला,
शिवडीचा एक जुना वाचक