गडावर आधी पाणी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

प्राचीन चिनी सेनापती सून त्झूची ‘युद्धकला’ वाचायला घेतलीस, फार बरं वाटलं. पण फोनवर तू मला ऐकवलीस ती सगळी सुटी वाक्यं होती. शत्रूला ओळखा, न लढता जिंका. बैठकीत ती शोभतात, कारण ती कशालाही लावता येतात. पुस्तक अवघं 13 प्रकरणांचं आहे. ते सलग वाच आणि दुसऱ्या प्रकरणावर थांब. तिथे त्याने चक्क खर्च मांडलाय: हजार हलके रथ, हजार जड रथ, एक लाख चिलखती शिपाई, हजार ली (ली म्हणजे अंतराचं चिनी माप) लांब पोचवायचं धान्य, अगदी डागडुजीचा सरस आणि रोगणसुद्धा. शेवटचं प्रकरण हेरांचं. त्यात तो सांगतो की लाखाची फौज निघाली की सात लाख घरांची शेतीची कामं अडतात. एवढ्या घरांना झळ पोचवून जो सेनापती हेराला शंभर मोहरा द्यायला कां-कू करतो, त्याला माणुसकी नाही, असं तो स्वच्छ म्हणतो. ‘न लढता जिंका’ हे या खर्चातून आलंय रे, चतुराईतून नव्हे.

आता ‘आज्ञापत्र’ही घे, राज्यकारभारावरचा आपला जुना मराठी ग्रंथ. रामचंद्रपंत अमात्यांनी ते 1715 च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवासाठी, लिहिलं. शिवाजी महाराजांपासून सगळा काळ पाहिलेला, औरंगजेबाशी झुंजताना राज्य सांभाळलेला हा माणूस. भाषेला अडखळशील, तेव्हा मोठ्याने वाच, कळत जाईल. दुर्गप्रकरणात ते म्हणतात, गड बांधण्याआधी पाणी पाहा. आणि झरा आहे, पाणी पुरतंय, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी वेगळी हवीत. वेढ्याची झळ सोसलेल्यालाच हे सुचतं. मी कितीही वेळा वाचलं तरी इथे थबकते.

आरमाराच्या प्रकरणात तर झाडांवर लिहिलंय. आंबा-फणसाचं लाकूड जहाजाच्या कामाचं, पण त्यांना हात लावू द्यायचा नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी जपलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडायचं. आरमार हवं, लाकूड हवं आणि तरीही ही अट! युद्धशास्त्राच्या पुस्तकात याहून मोलाचं पान मला सापडलेलं नाही.

मात्र ‘आपलं ते चांगलं’ असा निष्कर्ष काढू नकोस. सून त्झू शत्रूच्या मुलखातल्या धान्यावर फौज पोसायला सांगतो. तिथली एक गाडी आपल्या वीस गाड्यांच्या बरोबरीची, असा त्याचा हिशेब. ते धान्य कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरचंच. आणि आपल्या फौजांनीही परमुलूख लुटलेच, 1664 ची सुरत आहेच. आज वाचताना तुला हा प्रश्न विचारावाच लागेल की लेखकाने कोणाच्या घरची काळजी वाहिली आणि कोणाचं घर मोजलंच नाही. तो विचारलास म्हणून ग्रंथाचा अपमान होत नाही. मला तर उलट वाटतं, इतकी शतकं टिकलेल्या पुस्तकाला एवढा मान आपण द्यायलाच हवा.

प्रशियाचा सेनाधिकारी क्लाउझेवित्झ, त्याच्या युद्धावरच्या ग्रंथाचं विचारलं होतंस. तो सावकाश घे. 1831 मध्ये तो कॉलऱ्याने गेला तेव्हा ग्रंथ अपुराच होता. पत्नी मारीने तो पुढच्या वर्षापासून छापून आणला. पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण तेवढं पुरं झालं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणून सुरुवात तिथून कर, आणि पुढे दोन ठिकाणी तो स्वतःशीच विसंगत बोलताना दिसला तर घाईने बाजू निवडू नकोस. दोन्ही पानांवर खूण कर, आलास की बोलू.

तुझी,
आई