ताई, "नॉइज शून्य कर" म्हणालात त्याबद्दल थँक्यू

ताई, मेसेजमध्ये हे मावत नव्हतं म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय, प्रकाशाचे दोन अगदी जवळचे सोर्स इमेजमध्ये वेगळे कसे ओळखायचे, याच विषयात अडकलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

दोन जवळजवळचे सोर्स म्हटलं की पुस्तकं थेट रेले क्रायटेरियनवर जातात. प्रत्येक सोर्स इमेजमध्ये पसरून डाग बनतो, आणि एकाच्या डागाचं शिखर दुसऱ्याच्या पहिल्या शून्यावर (जिथे त्याचं तेज पहिल्यांदा शून्य होतं तिथे) आलं की दोन दिसले, त्याहून जवळ असतील तर विषय संपला. नियम १८७९ चा, डोळ्याने बघायच्या काळातला, आणि त्या कामाला उत्तमच आहे. पण माझ्या हातात होता डेटा, आणि तुम्ही एवढंच म्हणालात की आधी नॉइज (मोजमापातला रँडम चढउतार) शून्य कर आणि मग सांग लिमिट कुठंय. लिमिट उरतच नाही! डागाचा आकार पक्का माहीत असेल तर कितीही जवळचे दोन सोर्स फिट करून वेगळे काढता येतात, म्हणजे खरा अडथळा नॉइजचा.

मग ते गणित. मी कुठेच इतकं स्वच्छ वाचलं नव्हतं. सारख्या तेजाचे दोन सोर्स मध्यापासून एक डावीकडे एक उजवीकडे सरकवले की पहिल्या घाताचे बदल एकमेकांना कापतात आणि उरतो फक्त अंतराच्या वर्गाचा बदल, डाग मध्ये किंचित बसतो, कडेला किंचित फुगतो, बस. गाउसियन (घंटेच्या आकाराचा) डाग घेतला, त्याची रुंदी सिग्मा, आणि अंतर सिग्माच्या पाचव्या भागाएवढं ठेवलं तर शिखर जेमतेम ०.५ टक्का खाली येतं. अंतर अर्धं केलं की ही घट चौपट लहान होते, आणि फोटॉनचा नॉइज वर्गमुळानेच कमी होतो म्हणून तीच खात्री हवी तर १६ पट फोटॉन लागतात. सोळा पट! क्रामर-राव बाउंड (डेटावरून काढलेला अंदाज जास्तीत जास्त किती अचूक असू शकतो ती मर्यादा, राव यांचा पेपर १९४५ चा) तेच सांगतो, अंतर शून्याकडे गेलं की फिशर इन्फर्मेशनही, म्हणजे डेटात त्या अंतराबद्दल असलेली माहिती, शून्याकडे जाते. त्यामुळे "रिझॉल्व्ह होतं का" हा प्रश्नच अर्धवट वाटतो आता, किती एसएनआरला (सिग्नल आणि नॉइजच्या गुणोत्तराला) होतं ते सांगा ना.

आणि वर तुम्ही त्सांग, नायर आणि लू यांचा २०१६ चा पेपर वाचायला लावलात. इमेज काढून पिक्सेल मोजण्याऐवजी येणारा प्रकाश मोडनुसार, म्हणजे त्याच्या लहरींच्या वेगवेगळ्या आकारांनुसार, वेगळा केला तर ती इन्फर्मेशन शून्य होत नाही, म्हणजे ती प्रकाशात असतेच, आपल्या मोजण्याच्या पद्धतीत हरवते. हे वाचून मी रात्रभर जागी होते, खरंच.

तुमचं स्वतःचं काम बाजूला ठेवून एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. आता दोन्ही सोर्सचं तेज वेगळं आणि माहीत नसलेलं अशी केस रन करतेय, ती जास्तच किचकट आहे, प्लॉट आले की पाठवते, बघाल ना?