'शेअर बटणांनी वाचक वाढतात' या दाव्याबाबत तक्रार व शुल्क परताव्याची मागणी

नागपूर

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : आपल्या शेअर बटणांच्या प्लगइनची दिशाभूल करणारी जाहिरात, डॅशबोर्डवरील चुकीचे आकडे आणि संमतीविना झालेले वार्षिक नूतनीकरण

महोदय / महोदया,

मी नागपूर येथून संत्रा बागायतदारांसाठी एक मराठी संकेतस्थळ चालवतो. आंबिया आणि मृग बहाराचे नियोजन, बागेला ताण केव्हा द्यावा आणि केव्हा तोडावा, डिंक्या व कोळशी या रोगांवरचे उपाय, कलम घेताना खुंट कोणता पाहावा, अशा विषयांवरचे लेख तेथे असतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूड आणि मोर्शी या पट्ट्यातील शेतकरी ते वाचतात आणि बहुतेक जण मोबाइलवरच वाचतात. रोपवाटिका आणि ठिबक संचांच्या विक्रेत्यांकडून मिळणाऱ्या जाहिरातींवर माझा चरितार्थ चालतो, त्यामुळे वाचकसंख्येशी माझ्या घरखर्चाचा थेट संबंध आहे. याच कारणाने मी आपल्या प्लगइनची, म्हणजे लेख समाजमाध्यमांवर पाठवण्याची बटणे संकेतस्थळावर लावणाऱ्या जोडप्रणालीची, सशुल्क वार्षिक योजना घेतली होती. खरेदीची पावती, आपल्या विक्रीपानाची छायाचित्रे आणि आपल्या साहाय्य विभागाशी झालेला संपूर्ण पत्रव्यवहार या पत्रासोबत जोडला आहे.

आपल्या विक्रीपानावर शेअर बटणे लावल्यास संकेतस्थळाची ट्रॅफिक, म्हणजे वाचकांच्या भेटी, दुप्पट होईल, असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि आजही आहे. 'होऊ शकेल' असा शब्दप्रयोग तेथे नाही, कोणतीही अट नाही, आणि हा आकडा कोणत्या मोजणीतून आला याचा उल्लेख पानाच्या तळाशीसुद्धा नाही. मी हा दावा वाचून पैसे भरले. माझी पहिली आणि मुख्य तक्रार या दाव्याबद्दल आहे.

प्लगइन बसवल्यानंतर आपल्या डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या पानावर, 'सोशल ट्रॅफिक' या शीर्षकाखालचा आकडा सतत चढता दिसत होता. माझ्या स्वतःच्या अॅनालिटिक्समध्ये (भेटी मोजणाऱ्या साधनात) मात्र त्या काळातील भेटी पूर्वीइतक्याच होत्या. हा फरक का पडतो, असे मी लेखी विचारले, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने उत्तर दिले की डॅशबोर्डवरील आकडा हा बटणावर झालेल्या क्लिकचा असतो. म्हणजे वाचकाने बटण दाबले, शेअर करण्याची खिडकी उघडली आणि काहीही न पाठवता त्याने ती बंद केली, तरी आपल्या हिशेबात ती 'ट्रॅफिक' ठरते. बटण दाबणारा वाचक आधीच माझ्या पानावर असतो. त्याने पाठवलेला दुवा दुसऱ्या कोणी उघडून तो माणूस माझ्या पानावर आला, तरच माझ्याकडे एक भेट वाढते, आणि नेमकी ही गोष्ट आपले प्लगइन मोजतच नाही. आंबिया बहाराचा फुलोरा मोजून कोणी संत्र्याच्या पेट्यांचे पैसे मागत नाही, कारण मध्ये फळगळ असते हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असते. आपण मात्र फुलोऱ्याचा आकडा दाखवून पेट्यांचे पैसे घेतले आहेत.

शेअर होणे आणि उघडले जाणे यांतील हे अंतर फार मोठे असते, याची नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधील इन्रिया या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली ट्विटरवर पाठवल्या गेलेल्या बातम्यांच्या दुव्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील ५९ टक्के दुव्यांवर एकदाही क्लिक झालेले नव्हते. त्याहूनही आधीच्या पायरीवर, म्हणजे शेअर बटण दाबण्यापाशीच, बहुतेक वाचक थांबतात. ब्रिटन सरकारने आपल्या जीओव्ही.यूके या संकेतस्थळावर २०१४ साली शेअर बटणे लावली आणि पहिल्या दहा आठवड्यांचे आकडे स्वतःहून जाहीर केले. पान हजार वेळा उघडले गेले तर बटण सुमारे दोन वेळा दाबले गेले होते. मोबाइलवर शेअर बटण वापरणाऱ्यांचे प्रमाण मूव्हवेब या कंपनीलाही २०१५ साली ०.२ टक्केच आढळले. संकेतस्थळे बनवणाऱ्यांसाठीच्या स्मॅशिंग मॅगझिन या ऑनलाइन मासिकाने २०१२ साली आपल्या लेखांवरील फेसबुकची बटणे काढून टाकली आणि त्यानंतर फेसबुकवरून येणारे वाचक वाढल्याचे सांगितले, कारण वाचक नुसते 'लाइक' न दाबता लेख स्वतःच्या भिंतीवर टाकू लागले होते. हे सर्व आपण विकत असलेल्या उत्पादनाविषयीचे, जाहीर आणि जुने ज्ञान आहे. या व्यवसायात असलेल्या कंपनीला ते माहीत नसेल, असे मानणे मला कठीण जाते.

परदेशी आकडे मराठी शेतकऱ्यांना लागू होणार नाहीत, असे आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे होते, म्हणून मी माझ्याच संकेतस्थळावर तपासणी केली. काही लेखांवर आपली बटणे ठेवली, त्याच विषयांच्या आणि साधारण तितक्याच वाचल्या जाणाऱ्या दुसऱ्या लेखांवरून ती काढली, आणि बटणांतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक दुव्याला ओळखखूण जोडली, जेणेकरून त्या दुव्यावरून परत येणारा वाचक अॅनालिटिक्समध्ये वेगळा दिसावा. मृग बहाराच्या तयारीचे दिवस असल्यामुळे वाचन भरपूर होते. दोन्ही गटांतील लेखांच्या भेटींत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, आणि ओळखखूण असलेल्या दुव्यांवरून आलेले वाचक अगदीच तुरळक होते. या तपासणीचा तक्ताही सोबत जोडला आहे आणि आपल्या तंत्रज्ञांनी तो पडताळून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

लेख शेअर होत नाहीत असे मात्र मुळीच नाही. आमच्याकडचे बागायतदार लेख एकमेकांना रोज पाठवतात, पण पत्ता कॉपी करून किंवा फोनमधल्याच शेअरच्या पर्यायातून तो व्हॉट्सअॅपच्या गटात टाकतात. अशा दुव्यावरून आलेला वाचक कोठून आला हे अॅनालिटिक्सला बहुधा कळत नाही आणि ती भेट 'थेट' म्हणून नोंदली जाते. या न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला २०१२ पासून 'डार्क सोशल' असे नावही मिळालेले आहे. माझ्या वाचकांची खरी वाट ही आहे आणि तिला आपल्या प्लगइनची गरज पडत नाही. इतकेच नव्हे, तर गेली कित्येक वर्षे मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 'वेब शेअर' ही सोय अंगभूत आहे. क्रोमने ती अँड्रॉइडवर २०१७ सालीच दिली. साधे एक बटण आणि काही ओळींचा कोड लिहिला की फोनचा स्वतःचा शेअर पर्याय उघडतो, त्यासाठी बाहेरून एकही स्क्रिप्ट (कोडची फाइल) मागवावी लागत नाही.

लेखाच्या शेवटी, मोबाइलवर, व्हॉट्सअॅपचे एक साधे बटण ठेवल्याने एखाद्या वाचकाची सोय होत असेल, हे मी मान्य करतो. बटणे सर्वत्र निरुपयोगी असतात असे माझे म्हणणे नाही. सोय आणि दुप्पट वाचक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण पहिली देऊन दुसरीची किंमत घेतली, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरी तक्रार बटणांशेजारी दिसणाऱ्या शेअरच्या एकूण आकड्याबद्दल आहे. ट्विटरने शेअरची संख्या देणारी सेवा २० नोव्हेंबर २०१५ रोजी बंद केली आणि लिंक्डइननेही ती २०१८ साली बंद केली. असे असताना आपले प्लगइन या दोन्ही सेवांचे आकडे माझ्या लेखांवर दाखवत होते. ते कोठून येतात, या प्रश्नाला मला आजतागायत उत्तर मिळालेले नाही. ते क्लिकवरूनच तयार होत असतील, तर माझ्या वाचकांना माझ्या नावाने चुकीची माहिती दिली गेली आहे. फवारणीचे प्रमाण ठरवताना माझ्या लेखावर विश्वास ठेवणाऱ्या शेतकऱ्यासमोर असा आकडा मांडला जावा, हे मला अजिबात मान्य नाही. आपल्या सेटिंग्जच्या यादीत गूगल प्लसचे बटणही अजून आहे. ती सेवा सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्येच बंद झाली. उत्पादनाकडे किती लक्ष दिले जाते, हे यावरून कळते.

तिसरी बाब नुकसानीची आहे. आपले प्लगइन प्रत्येक पानावर निरनिराळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट मागवते आणि त्या उतरेपर्यंत लेख पूर्ण उघडत नाही. पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची शिफारस आहे. प्लगइन चालू असताना माझी पाने ती मर्यादा ओलांडत होती आणि बंद करताच ती मर्यादेच्या आत आली. नरखेडच्या शेतात, जेथे सिग्नलची एखादीच रेघ येते, तेथे हा उशीर किती होत असेल याची कल्पना आपण करावी. बटणांची तरंगती पट्टी लहान पडद्यावर औषधांच्या प्रमाणाच्या तक्त्यावरच येऊन बसत होती आणि तिच्यामुळे आकडे झाकले जातात, अशी तक्रार एका वाचकाने मला फोन करून केली. वाचक वाढवण्यासाठी घेतलेल्या वस्तूमुळे असलेल्या वाचकाला लेख वाचता येऊ नये, हे फार वाईट आहे.

शिवाय वाचकाने एकही बटण दाबले नाही, तरी त्याच्या भेटीची माहिती त्या बाहेरच्या कंपन्यांकडे जाते, हे मला ब्राउझरमधील नोंदी पाहिल्यावर कळले. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी फेसबुकच्या 'लाइक' बटणाविषयी दिलेल्या निर्णयात, असे बटण लावणारा संकेतस्थळचालकही माहिती गोळा करून पाठवण्यास संयुक्तपणे जबाबदार असतो, असे म्हटले. आपल्या देशातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीला मध्यवर्ती स्थान देतो. ज्या गोष्टीची जबाबदारी माझ्यावर येऊ शकते, तिची स्पष्ट सूचना विक्रीपानावर, पैसे घेण्यापूर्वी, मराठीत नाही तर निदान इंग्रजीत तरी असायला हवी होती.

एवढा पत्रव्यवहार चालू असतानाच वर्ष संपले आणि आपण माझ्या कार्डावरून पुढील वर्षाचे शुल्क वळते केले. त्यापूर्वी मला कोणतीही आठवण पाठवण्यात आली नाही, आणि योजना रद्द करण्याचा पर्याय खात्यात सहज सापडेल अशा ठिकाणी ठेवलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सदस्यत्वाच्या अशा सापळ्याचा निषिद्ध प्रकारांत स्पष्ट समावेश आहे. परतावा मागितला असता मला अधिक महाग योजना घेण्याचा आणि बटणांचा रंग बदलून पाहण्याचा सल्ला देण्यात आला.

यास्तव माझी मागणी अशी आहे की नूतनीकरणाचे शुल्क संपूर्ण परत करावे आणि पहिल्या वर्षाचे शुल्कही परत करावे, कारण ज्या एका परिणामासाठी ते भरले तो परिणाम मिळालेला नाही. माझ्या कार्डाचा तपशील आणि माझ्या वाचकांविषयी आपल्याकडे साठलेली माहिती काढून टाकून तसे लेखी कळवावे. विक्रीपानावरील ट्रॅफिक दुप्पट होण्याचा दावा एक तर मोजणीच्या पुराव्यासह मांडावा किंवा काढून टाकावा, आणि डॅशबोर्डवरील 'सोशल ट्रॅफिक' हे शीर्षक बदलून तेथे 'बटणावरील क्लिक' असे लिहावे. ही शेवटची मागणी मला परताव्याइतकीच महत्त्वाची वाटते. विदर्भात आणि अन्यत्र मराठीतून लिहिणारे अनेक जण आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून अशी प्लगइन विकत घेतात, आणि त्या पैशात त्यांना चांगले होस्टिंग घेता आले असते किंवा दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर योग्य शीर्षक व छायाचित्र दिसावे यासाठीचे ओपन ग्राफ टॅग नीट करून घेता आले असते. पाठवलेला दुवा उघडावा की नाही हे समोरचा माणूस त्या शीर्षकावरून आणि छायाचित्रावरून ठरवतो. बटणाच्या रंगाचा तेथे काही संबंध येत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. मी ही सेवा स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली असल्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येनुसार मी ग्राहक आहे. या मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अर्ज करीन, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागण्याची मुभा कायद्याने दिलेली असल्यामुळे नागपूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगासमोर प्रकरण दाखल करीन.

आपले उत्तर लेखी स्वरूपात आणि आकड्यांच्या पुराव्यासह मिळावे, ही विनंती.

आपला,
(सही)
संकेतस्थळ चालक व ग्राहक, नागपूर