मोहिमेच्या प्रयोगात योर्कलाही बोलू द्यावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडे अमेरिकेतील ऐतिहासिक स्थळांच्या सहलींवर लेख आला होता. मिसुरी नदीकाठच्या गावांत लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचे, त्या काळच्या वेशात, जे जिवंत प्रयोग होतात, त्यांचा त्यात ‘मुलांसाठी उत्तम करमणूक’ असा ओझरता उल्लेख आहे. मी बरीच वर्षे मिसुरी राज्यात राहते, हे प्रयोग नेमाने पाहते, आणि आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यक्रम समितीवर असल्यामुळे कोणत्या गटाला बोलवायचे याचा विचार करण्याचीही वेळ माझ्यावर येते. हे प्रयोग करमणुकीपुरते नसतात. इथल्या सामान्य कुटुंबाला देशाचा आरंभीचा इतिहास बहुतेक वेळा याच मैदानावर प्रथम भेटतो. म्हणूनच त्यात काय दाखवले जाते आणि काय गाळले जाते, विशेषतः मोहिमेतील योर्क या गुलामाबाबत, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

वाचकांच्या सोयीसाठी मूळ हकीकत थोडक्यात सांगते. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला विकत घेतला. मिसुरी नदीच्या उगमाकडून पॅसिफिक महासागरापर्यंत जलमार्ग सापडतो का हे पाहण्यासाठी, तसेच वाटेतील आदिवासी राष्ट्रांना नव्या सत्तेची वर्दी देण्यासाठी, राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्या हाताखाली एक लष्करी तुकडी धाडली. ही तुकडी २१ मे १८०४ रोजी सेंट चार्ल्स गावाहून प्रवाहाविरुद्ध निघाली, १८०५ च्या नोव्हेंबरात समुद्राला पोहोचली आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला परतली. सेंट चार्ल्समध्ये आजही दर मे महिन्यात या प्रस्थानाचा उत्सव भरतो. मोहिमेतील नौकांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती तिथल्या संग्रहालयात आहेत, आणि त्यांतील पंचावन्न फुटी कीलबोट पाहिली की ही अवजड नाव माणसांनी पाण्यात उतरून दोराने ओढत नेली, या वाक्याचा अर्थ उमगतो.

हे प्रयोग करणारी माणसे हौशी असतात. कुणी सुतार, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी परिचारिका. पदरमोड करून ती लोकरीचे कोट हाताने शिवतात, शिंगाची बटणे मिळवतात, आणि सुट्टीच्या दिवशी भर उन्हात त्या कोटांत उभी राहतात. राहुट्यांच्या रांगेत एक जण ठासणीची बंदूक भरून दाखवतो. दारू नळीत ओतायची, गजाने ठासायची, नळीच्या छिद्राजवळच्या पेल्यात चिमूटभर रंजक म्हणजे पेटवणीची दारू घालायची, मग चाप. गारगोटीची ठिणगी, क्षणभराचा विलंब आणि बार. गोळी अर्थातच घातलेली नसते. शेजारच्या राहुटीत औषधांची पेटी उघडलेली असते. डॉ. बेंजामिन रश यांच्या जुलाबाच्या गोळ्या लुईसने पन्नास डझन बरोबर घेतल्या होत्या आणि त्यांत पाऱ्याचे संयुग होते. मोंटानातील ज्या जागी तुकडीचा तळ होता, तिथल्या शौचाच्या खड्ड्याच्या मातीत २००२ मध्ये पाऱ्याचा अंश सापडला, आणि तळाची नेमकी जागा पटण्यास त्याची मदत झाली. ही गोष्ट एका प्रयोगकाराने सांगितली तेव्हा समोरची शाळकरी मुले हसली खरी, पण पुढचा अर्धा तास त्यांनी त्याला सोडले नाही. चांगला प्रयोग काय साधू शकतो, हे मला त्या अर्ध्या तासात दिसले.

बटणे आणि गोळ्यांच्या बाबतीत इतका काटेकोरपणा पाळणारी हीच मंडळी माणसांच्या बाबतीत मात्र फार सैल होतात, ही माझी तक्रार आहे. ‘निर्मनुष्य रानात पाऊल टाकणारे पहिले लोक’ हे वाक्य मी एकाहून अधिक गटांच्या तोंडी ऐकले आहे. वस्तुस्थिती अशी, की तुकडीने १८०४ चा हिवाळा मँडन आणि हिडात्सा या आदिवासी राष्ट्रांच्या ज्या गावांशेजारी काढला, त्या गावांत त्या काळच्या सेंट लुईसपेक्षा अधिक वस्ती होती. मका, घोडे आणि कातडी यांचा मोठा व्यापार तिथे चाले, आणि त्या हिवाळ्यात तुकडी जगली ती बऱ्याच अंशी त्यांच्या मक्यावर. पुढच्या वर्षी डोंगर ओलांडून उपाशी अवस्थेत वेइप्पेच्या माळावर उतरलेल्या या लोकांना नेझ पर्स या आदिवासी लोकांनी कामासचे कंद आणि साल्मन मासे खाऊ घातले. त्यांना इजा करू नका असे सांगणारी वाटकुवेस नावाची एक वृद्धा होती, ही आठवण त्या लोकांच्या मौखिक परंपरेत आजही जपलेली आहे. त्याच नेझ पर्स लोकांना १८७७ मध्ये आपल्या भूमीतून परागंदा व्हावे लागले. प्रयोगात हे सांगायला दोन मिनिटे पुरतात आणि त्यासाठी वेगळा पोशाखही शिवावा लागत नाही.

योर्कविषयी मात्र जरा थांबून लिहायला हवे. तो क्लार्कचा गुलाम होता. त्याने बंदूक चालवली, शिकार केली, आजाऱ्यांची सेवा केली. नोव्हेंबर १८०५ मध्ये हिवाळा कुठे काढायचा हे ठरवताना एकेकाचे मत विचारले गेले, तेव्हा योर्कचे मत नोंदले गेले आणि तुकडीबरोबरच्या दुभाष्याची आदिवासी बायको सॅकागाविया हिचेही. प्रयोगांत हा प्रसंग आवर्जून येतो, कारण तो सुखावणारा आहे. त्यापुढची हकीकत बहुधा येत नाही. मोहीम संपल्यावर शिपायांना दुप्पट पगार आणि प्रत्येकी ३२० एकर जमीन मिळाली. दुभाषा शार्बोनो याला ५०० डॉलर ३३ सेंट आणि जमीन मिळाली. त्याची बायको सॅकागाविया तान्हे मूल पाठीशी बांधून समुद्रापर्यंत जाऊन आली होती, तिला काहीही मिळाले नाही. योर्कलाही मिळाले नाही. क्लार्कने आपल्या थोरल्या भावाला लिहिलेली पत्रे १९८८ मध्ये लुईव्हिल येथील एका घराच्या माळ्यावर सापडली. योर्कला लुईव्हिलमध्ये आपल्या बायकोजवळ राहायचे होते, क्लार्कने ते मानले नाही, आणि पुढे त्याला मारहाणही केली, हे त्या पत्रांत क्लार्कच्याच हस्ताक्षरात आहे. म्हणजे पुरावा नाही, असे आज कुणाला म्हणता येत नाही. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी योर्कला सैन्यातील मानद सार्जंट हा हुद्दा दिला. मी पाहिलेल्या एका प्रयोगात निवेदन त्या हुद्द्यावर येऊन थांबले आणि टाळ्या झाल्या. मधली पत्रे वगळून त्या हुद्द्यापर्यंत येणे मला अन्यायाचे वाटते.

मुले समोर असतात, कटू गोष्टी कशाला, असे आमच्या समितीतही म्हटले जाते. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण मुलांना आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कळते. सेंट चार्ल्समध्येच, प्रस्थानाच्या चार दिवस आधी, १७ मे १८०४ रोजी तीन शिपायांवर लष्करी न्यायालय बसले. विनापरवाना तळ सोडल्याबद्दल तिघेही दोषी ठरले आणि जॉन कॉलिन्स या शिपायाला नाचाच्या समारंभातील गैरवर्तनाबद्दल आणि उद्धट बोलण्याबद्दल पन्नास फटक्यांची शिक्षा झाली. ज्या प्रयोगात सारंगीच्या सुरावर तो नाच रंगतो, त्यात दुसऱ्या दिवसाची ही शिक्षा नुसती वाचून दाखवली तरी मुले गप्प होऊन ऐकतील आणि मग विचारतील, ‘मग तो पुढे गेला का त्यांच्याबरोबर?’ तो गेला, समुद्रापर्यंत गेला.

याला उपाय आहे आणि तो इथल्याच परंपरेतला आहे. न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी १८७४ मध्ये सुरू झालेल्या लोकशिक्षणाच्या व्याख्यानमालांवरून ‘शटॉक्वा’ हे नाव रूढ झाले. आज त्या नावाने एकपात्री प्रयोगाचा जो प्रकार चालतो, त्याचे तीन भाग असतात. प्रथम कलावंत त्या ऐतिहासिक व्यक्तीच्या वेशात स्वगत सादर करतो, मग त्याच भूमिकेत राहून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो, आणि शेवटी भूमिका बाजूला ठेवून अभ्यासक म्हणून बोलतो. क्लार्कच्या भूमिकेतील माणूस योर्कविषयी जे बोलेल ते त्या काळातील मालकाचे बोलणे असेल. पाच मिनिटांनी तोच माणूस, ‘हे क्लार्कचे म्हणणे झाले, आता पत्रे काय सांगतात ते ऐका,’ असे म्हणू शकतो. केंटकीतील हसन डेव्हिस यांनी योर्कची भूमिका याच पद्धतीने शाळांतून आणि वाचनालयांतून लोकांपुढे नेली आहे. आपल्याकडे पुण्याच्या गणेशोत्सवातील जिवंत देखावे मी लहानपणापासून पाहिले आहेत. तिथे संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि अफझलखान समोर उभा असला तरी त्याला काही विचारण्याची सोय नसते. इथल्या राहुटीत ती सोय असते. प्रयोगकार हाताच्या अंतरावर असतो आणि त्याला विचारता येते, हेच या प्रकाराचे बळ आहे. ते न वापरणारा गट निम्मा प्रयोग करून घरी जातो.

दुसरी बाजू ऐकून घेण्याचा अनुभवही या क्षेत्राला आहे. मोहिमेच्या द्विशताब्दीनिमित्त २००३ ते २००६ या काळात सेंट चार्ल्सच्या पथकाने नौकांसह मूळ मार्गाचा पुन्हा प्रवास केला. सप्टेंबर २००४ मध्ये दक्षिण डकोटातील चेंबरलेन येथे लकोटा या आदिवासी राष्ट्रातील आंदोलकांनी पथकाला परत फिरण्यास सांगितले. ज्या प्रवासामागून आमची जमीन आणि आमचे बायसन (रानगवे) गेले, त्याचा उत्सव आमच्या नदीवर कशाला, असा त्यांचा सवाल होता. पथक पुढे गेले, परंतु हा सवाल नोंदला गेला. त्याच काळात राष्ट्रीय उद्यान सेवेने मार्गभर एक फिरता तंबू नेला. त्यात आदिवासी वक्त्यांनी आपापल्या राष्ट्राची हकीकत आपल्या तोंडाने सांगितली. या उपक्रमाची धुरा सांभाळणारे जेरार्ड बेकर हे स्वतः मँडन-हिडात्सा होते. गोऱ्या स्वयंसेवकांनी पिसे लावून आदिवासी व्हायचे की नाही, या वादात माझे मत स्पष्ट आहे. मुळीच होऊ नये. त्या जागी त्या लोकांतील वक्त्याला सन्मानाने, मानधन देऊन बोलवावे. ते जमत नसेल, तर ती जागा रिकामी ठेवून ती का रिकामी आहे हे प्रेक्षकांना सांगावे.

आमच्या समितीपुरता मी एक प्रस्ताव मांडला आहे. ज्या गटाला बोलवायचे त्याने प्रयोगाच्या वेळेतील किमान एक तृतीयांश भाग प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा, त्यातील शेवटची उत्तरे भूमिका उतरवून द्यावीत, आणि योर्क, सॅकागाविया व वाटेतील राष्ट्रे यांच्याविषयी काय सांगणार हे आधी लेखी कळवावे. एका गटाने नाराजी कळवली आहे, दुसऱ्याने आनंदाने होकार दिला आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.

आपल्या वृत्तपत्राचे कितीतरी वाचक उन्हाळ्यात मुलांकडे-नातवंडांकडे अमेरिकेत येतात, आणि मध्य-पश्चिमेकडील मराठी कुटुंबे त्यांना हे प्रयोग दाखवायला हमखास नेतात. त्यांना माझी विनंती आहे, की बार ऐकून आणि छायाचित्रे काढून लगेच निघू नका. क्लार्क झालेल्या माणसाला योर्कविषयी विचारा, मँडन गावांतल्या मक्याविषयी विचारा, तो उत्तर देईपर्यंत उभे राहा. या मोहिमेवर पुरवणीत पुन्हा लेख यायचा असेल, तर त्यात योर्क आणि वेइप्पेचा माळ या दोहोंना जागा मिळावी, अशी आपणास विनंती करते.

आपली नम्र,
एक वाचक, मिसुरी, अमेरिका