तुमच्या ‘नाही’बद्दल आभार

ताई,

हे पत्र तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. ती खाडाखोड भाषांतरासाठी तुमच्या हाती आली असती तर तुम्ही चौकोनी कंसात ‘येथे एक शब्द खोडलेला आहे’ असं नोंदवून पुढे गेला असतात. म्हणून स्वच्छ प्रत पाठवतोय, आणि तीही उघड. तुमच्यावर चिडलो होतो तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटलो होतो. मग आभार तेवढे एकांतात मानायचे, हे काही बरोबर नाही.

पहिल्या फोनवर मी एवढंच विचारलं, की जन्मदाखल्याचं भाषांतर किती दिवसांत मिळेल. तुम्ही उलट विचारलंत, ‘हा कागद द्यायचाय कुठे?’ मला ती नसती चौकशी वाटली. पुढचं सगळं त्याच प्रश्नावर अवलंबून आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं! अमेरिकेच्या स्थलांतर खात्याला संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि सोबत भाषांतरकाराचं सहीचं निवेदन, की मला ही भाषा येते आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे. जर्मनी किंवा स्पेनमध्ये सरकारी कामाला सहसा तेवढ्यावर भागत नाही, तिथे शपथ घेतलेला, अधिकृत यादीतला भाषांतरकार लागतो. माझ्या कामाला असाच भाषांतरकार हवा होता. तुमचं नाव यादीत होतं म्हणून तर तुमचा नंबर लावला, पण यादी कशासाठी असते हे मला ठाऊक नव्हतं. मी आपला ‘चांगलं भाषांतर’ मागत होतो, जणू कविता द्यायची होती.

‘नोटरी झालीय,’ असंही मी ऐटीत सांगितलं होतं. तुम्ही हसला नाहीत, हे मी विसरलेलो नाही. ‘नोटरीने कशावर सही केलीय ते जरा वाचून दाखवा,’ म्हणालात. वाचलं. मूळ कागद पाहिला आणि झेरॉक्स त्याच्याशी जुळते, एवढंच त्यात होतं. माझा जन्म कधी, कुठे, कुणाच्या पोटी झाला याबद्दल नोटरीने चकार शब्द काढला नव्हता. काढणार तरी कसा, तो काय तिथे हजर होता? नोंदवही ज्या निबंधकाच्या ताब्यात, त्याने दिलेली प्रमाणित प्रत हाच खरा कागद. कित्येक ठिकाणी तर जन्म-मृत्यूच्या दाखल्याची प्रत साक्षांकित करायची मुभाच नोटरीला नसते. पण शिक्का दिसला की आपल्याला कागदाचं सोनं झाल्यासारखं वाटतं. माझ्याकडे असे तीन सोन्याचे कागद होते, तिन्ही निरुपयोगी.

मग अपॉस्टिल. हा शब्द मी आधी ‘अपोस्टल’ म्हणत होतो आणि तुम्ही दोनदा हळूच दुरुस्त केलात. पूर्वी एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालवायचा तर सह्यांची माळ लागायची: आधी स्थानिक अधिकारी, त्याच्या सहीवर वरच्याची सही, मग परराष्ट्र खातं, शेवटी दुसऱ्या देशाचा दूतावास. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग कराराने ती माळ तोडून एकच प्रमाणपत्र ठेवलं, तेच अपॉस्टिल. करार 1965 च्या जानेवारीत अमलात आला. चीनमध्ये तो 2023 साली लागू झाला आणि कॅनडात 2024 साली, म्हणजे परवापरवापर्यंत तिथले लोक दूतावासाच्या रांगेत होते. हे प्रमाणपत्र म्हणजे निदान 9 सेंटिमीटर बाजूचा चौकोन, आत क्रमांक घातलेल्या 10 नोंदी, वर फ्रेंच मथळा. बाकीचा मजकूर कुठल्याही भाषेत असो, तो मथळा फ्रेंचच. हे सगळं तुम्ही फोनवर इतक्या सहज सांगितलंत, की माझ्या हातातला चहा निवला आणि तक्रार करायची राहून गेली.

त्यातलं एक वाक्य मात्र मी वहीत लिहून ठेवलं: ‘अपॉस्टिल सही खरी म्हणतं, मजकूर नाही.’ सही कुणाची, ती करणारा कुठल्या पदावर होता, शिक्का खरा का, एवढंच ते सांगतं. दाखल्यात चूक असेल तर ती चूक अपॉस्टिलसकट दिमाखात परदेशी जाते. तेव्हा हे वाक्य मला नुसतं माहितीचं वाटलं होतं.

दाखल्याची मागची बाजू मी पाठवलीच नव्हती. ‘मागे काही नाहीये, नुसत्या छापील सूचना आहेत,’ म्हणालो. ‘मग त्या सूचनांचंही भाषांतर होईल,’ तुम्ही म्हणालात. तुमच्या कामात ‘काही नाही’ असं नसतंच. गोल शिक्का अर्धवट उमटलाय, तर ‘निळ्या शाईचा गोल शिक्का, काही अक्षरे अवाच्य’. सही लागत नाही, तर ‘सही, अवाच्य’. जन्मतारखेत दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आतले होते. आकड्यात ठेवले असते तर कुणी दिवसाला महिना म्हणालं असतं आणि मी पाच महिन्यांनी लहान झालो असतो. तुम्ही महिना अक्षरी लिहिलात. माझा दाखला वडिलांनी काळजीपोटी प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला होता. तो पाहून तुम्ही एवढंच म्हणालात, ‘नवीन प्रत काढा. यावर काही चिकटवता येत नाही आणि शिक्क्यावरून बोटही फिरवता येत नाही.’ वडिलांना हे अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. त्याला हात घालायचं टाळत होतो.

दाखल्यावर आईचं घरातलं, दोन अक्षरी नाव आहे. पासपोर्टवर, बँकेत, सगळीकडे तिचं पूर्ण नाव. जन्माची वर्दी द्यायला गेलेल्या माणसाने तोंडात बसलेलं नाव सांगितलं असणार. मी तुम्हाला लिहिलं, की भाषांतरात पूर्ण नाव टाका, तेच खरं आहे. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘कागदावर जे आहे तेच येईल.’ मी फोन केला. गोड बोललो, मग विनवणी केली, मग आवाज चढवला. कोण तपासणार आहे, दोन अक्षरांचा तर प्रश्न आहे, ती माझी आई आहे, तुमची नाही, असंही बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, ‘तुमची आई कोण हे मला पटलंय. पण मी सही करते ती या कागदाखाली.’

त्याच फोनवर मी एक पेच टाकला, आणि तो बिनतोड आहे असं मला वाटत होतं. आमच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र तुम्ही पासपोर्टप्रमाणे घेतलं होतंत, उच्चाराप्रमाणे नाही. मग तिथे माझं चालतं आणि इथे का नाही? त्यावर तुम्ही ख्रिस्तोस कॉन्स्टँटिनिडिसची गोष्ट सांगितलीत. जर्मनीत मालिशचा व्यवसाय करणारा हा ग्रीक माणूस. त्याच्या ग्रीक जन्मदाखल्याचं भाषांतर झालं तेव्हा लिप्यंतराच्या आंतरराष्ट्रीय नियमाने त्याचं नाव ‘ह्रेस्तोस कोन्स्तान्तिनिदेस’ झालं. ग्रीक पासपोर्टवर रोमन अक्षरांत जे होतं ते वेगळंच. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. 1993 साली न्यायालयाने सांगितलं, की लिहिण्याच्या पद्धतीने उच्चारच बिघडत असेल आणि गिऱ्हाइकांचा घोटाळा होण्याचा धोका असेल, तर धंदा करणाऱ्या माणसावर असं स्पेलिंग लादता येणार नाही. ‘त्याचं नाव तेच होतं,’ तुम्ही म्हणालात, ‘भांडण लिपीचं होतं. तुमचं आडनावही तेच आहे, लिपी बदलतेय, म्हणून पासपोर्ट बघितला. आईचं नाव मात्र कागदावर दुसरंच आहे. ते बदलायचा हक्क निबंधकाचा.’

मी फोन ठेवला, आणि कशा शब्दांत ठेवला ते इथे लिहीत नाही.

रागाच्या भरात मी भाषांतर करून देणाऱ्या दुसऱ्या एका ठिकाणी गेलोही होतो. तिथल्या माणसाने दाखल्याकडे नजर टाकून विचारलं, ‘काय काय बदलायचंय?’ इतक्या सहज, की मला ऐन दुपारी घाम फुटला. आईचं नाव बदलता येत होतं तर जन्मतारीखही बदलता आली असती. मग माझ्या हातात जे पडेल ते नेमकं कुणाचं भाषांतर? निघून आलो.

दुरुस्तीला सात आठवडे लागले. आईच्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र (इथे नोटरी खरोखर कामाला आला), तिची जुनी कागदपत्रं, अर्ज, त्यातल्या एका चुकीपायी पुन्हा अर्ज. या धावपळीत आईला तिचा शाळा सोडल्याचा दाखला चाळीस वर्षांनी पाहायला मिळाला. नवीन प्रत हातात आली तेव्हा लक्षात आलं, की मूळ नोंद खोडलेली नाही. ती तशीच आहे आणि बाजूला शेरा आहे, तारखेसह आणि सहीसह. म्हणजे निबंधकही तुमच्यासारखाच निघाला.

मग तुम्ही सांगितलेल्या क्रमाने गेलो: आधी नवी प्रत, मग अपॉस्टिल, मग भाषांतर, म्हणजे अपॉस्टिलचाही मजकूर भाषांतरात येतो. अपॉस्टिलची टाचणी काढून स्कॅन करायचं नाही, हेही ऐकलं. सात आठवड्यांनी मी जेवढ्या बिचकत फोन केला, तेवढ्याच साधेपणाने तुम्ही विचारलंत, ‘मागची बाजू आहे ना?’ शिवाय काम घेण्याआधी हेही सांगितलंत, की दोन्ही देश 1976 च्या व्हिएन्ना करारात असतील तर बहुभाषी उतारा, म्हणजे एकाच कागदावर अनेक भाषांत छापलेला नोंदीचा उतारा, मिळतो का बघा, मग भाषांतराची गरजच नाही. आपलं गिऱ्हाईक आपणच परत पाठवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. माझ्या बाबतीत ते लागू नव्हतं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

शेवटी कागद द्यायला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी भाषांतर आणि मूळ कागद शेजारी ठेवले. बोट शेऱ्यावर ठेवलं, मग भाषांतरातल्या शेऱ्यावर. मग आईच्या पासपोर्टची प्रत मागितली आणि नावावर बोट ठेवलं. माझं सगळं रक्त त्या बोटाच्या टोकाशी गोळा झालं होतं. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

माझ्या धाकट्या भावाचा दाखला पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येईल. त्याच्यावरही आईचं तेच दोन अक्षरी नाव आहे. तो तुम्हाला काही विचारणार नाही, कारण सध्या तो निबंधकाच्या कार्यालयात रांगेत उभा आहे. दोन्ही बाजू स्कॅन करायला सांगितलं आहे.

आपला,
प्लॅस्टिकमधल्या दाखल्याचा धनी