काकींचं मशीन घरी येण्याआधी

लालबाग, मुंबई
सोमवार, रात्र

प्रिय संज्या,

शुक्रवारी काकींना घरी सोडतायत आणि बरोबर बायपॅप (श्वासाला जोर देणारं मशीन) आणि कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं) दोन्ही येणार, हे वाचून बरं वाटलं. फोनवर तू म्हणालास, "सगळं समजावून सांगितलंय रे," पण आवाजावरून कळत होतं की डोक्यात काही शिरलेलं नाही. अण्णांना घरी आणलं तेव्हा माझंही तेच झालं होतं. बिलाच्या रांगेत उभा असताना कुणीतरी दहा मिनिटांत बटणं दाखवून गेलं. म्हणून कागदावर लिहितोय. रात्री दोनला माझा फोन लागला नाही, तरी हे हाताशी असेल.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. घरी आणल्यावर तिसऱ्या रात्री अण्णांच्या बोटावरचं ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के दाखवत होतं. मी घाबरलो आणि कॉन्सन्ट्रेटरचा काटा मिनिटाला १ लिटरवरून ४ वर नेला. आकडा ९७ झाला. मी निर्धास्त झोपलो. सकाळी अण्णा हाक मारून उठेनात. उठले तेव्हा बोलणं असंबद्ध, डोकं धरलेलं. परत हॉस्पिटल, मनगटातून रक्त काढून एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, आणि कार्बन डायऑक्साइड भलताच वाढलेला. डॉक्टर मला रागावले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सांगितलेलं मी विसरणार नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या, अशा पेशंटला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायची आधीच बिघडलेली घडी आणखी विस्कटते. तो वायू आत साठतो आणि माणूस गुंगीत जातो. आणि बोटावरचं ऑक्सिमीटर तो वायू दाखवतच नाही! अण्णांसाठी त्यांनी ८८ ते ९२ ठरवून दिले. म्हणजे ८९ ला मी ज्याला संकट समजलो, ते ठीकच होतं.

काकींसाठी किती, ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घे. त्याखाली गेलं तर फोन कर, पण आपल्या मनाने काटा वाढवू नकोस. दिवसा अवेळी झोप, सकाळी डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, हात पुढे केले की पंजे थरथरणं, यातलं काही दिसलं तर ऑक्सिमीटर ९५ दाखवत असलं तरी थांबू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ.

अण्णांचं मला कळतं. गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजतात तिथे, कापसाची भुकटी श्वासात घेत वर्षं गेली, १९८२ च्या जानेवारीत संप झाला तोवर. वर विडी. पण काकींनी विडी कधी हातात धरली नाही. गावी चूल, इथे चाळीत रॉकेलचा स्टोव्ह, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचा स्वयंपाक. त्या धुराचा हिशोब कुणी ठेवलाच नाही. त्यांना यातलं काही बोलू नकोस, मनाला लावून घेतील.

आता मशीन. बायपॅप ऑक्सिजन बनवत नाही. ते हवा ढकलतं. श्वास घेताना जास्त जोराने, सोडताना कमी. अण्णांच्या मशीनचा दाब १६ आणि ६ वर आहे. दमलेल्या छातीचं अर्धं काम ते करतं आणि अडकलेला वायू बाहेर पडायला मदत होते. हे आकडे डॉक्टरच बदलतील. कॉन्सन्ट्रेटरचं काम वेगळं. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१. आतली झिओलाइटची खडी नायट्रोजन धरून ठेवते आणि उरलेल्यात ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर जातो. तू आयटीआयचा माणूस, तुला हे आवडेल: १९८० च्या सुमाराला सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरने झोपेत श्वास अडकणाऱ्या पेशंटसाठी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून बायपॅपच्या जातीचं, हवा ढकलणारं पहिलं मशीन जुळवलं होतं.

मास्कच्या पुढे बारीक भोकं असतात, तिथून सूं सूं हवा येत राहते. काकींनी सोडलेला श्वास त्यातूनच बाहेर जातो. वॉर्डात मी ती गळती समजून वर चिकटपट्टी लावायला निघालो होतो, सिस्टरने हात धरला. खरी गळती कडेने, डोळ्यांकडे येते. पट्टे आवळून ती थांबत नाही, उलट नाकाच्या दांड्यावर जखम होते. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत इतकाच ताण ठेव. मास्क झोपलेल्या स्थितीत, मशीन चालू असतानाच बसव, कारण बसून नीट बसलेला मास्क आडवं झाल्यावर सरकतो. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन लावू नकोस. ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको, पाण्यावर आधारलेलं जेल मिळतं.

आणि देवघर. काकींची समई आणि उदबत्ती त्याच खोलीत असते ना? ती हलवावी लागेल, ऑक्सिजनजवळ ज्योत नको. हे तू सांग, वहिनींवर टाकू नकोस. आमच्याकडे आईने महिनाभर अबोला धरला होता, पण मी बधलो नाही. दोन्ही मशीनं जोडून वापरताना आधी बायपॅप चालू कर, मग ऑक्सिजन सोड. बंद करताना उलट. नाहीतर बंद मशीनमध्ये ऑक्सिजन साठतो, आणि तो आगीला आमंत्रण देतो.

सफाई रोजची. मास्क सकाळी कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. डेटॉल, स्पिरिट, ऊन, तिन्ही नको. ह्युमिडिफायरचं, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीचं, पाणी रोज ओतून टाक, डिस्टिल्ड भर. नळाच्या पाण्याने तळाशी पांढरा थर धरतो. काळा स्पंजचा फिल्टर आठवड्याला धू, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नकोस. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, म्हणून दोन ठेव, आलटून पालटून. पांढरा पातळ फिल्टर धुवायचा नसतो, राखाडी झाला की फेकायचा. कॉन्सन्ट्रेटर भिंतीपासून हातभर दूर ठेव. पडद्यामागे ढकलला की तापतो. बायपॅप उशीपेक्षा खाली असू दे, नाहीतर नळीत जमलेलं पाणी ओघळून मास्कमध्ये येतं आणि काकी दचकून उठतील.

विजेचं मात्र आजच बघ. १२ ऑक्टोबर २०२० आठवतं? सकाळी दहाच्या सुमाराला सगळी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अण्णा त्या वेळी मशीनवर होते. मशीन थांबलं की तोंडावरचा मास्क ताबडतोब काढायचा, कारण मग माणूस आपलाच सोडलेला श्वास परत घेत राहतो. तेवढं मला माहीत होतं, म्हणून निभावलं. पुढे ऑक्सिजनचा बी टाइपचा सिलिंडर आणून ठेवला. भरलेला असेल तर साधारण दीड हजार लिटर, म्हणजे मिनिटाला १ लिटरने साधारण चोवीस तास. पाना त्याच्याच गळ्याला सुतळीने बांधून ठेव, अंधारात सापडत नाही. लोहार चाळीतून बायपॅपपुरता इन्व्हर्टर घेतला. बॅटरीवर असताना ह्युमिडिफायरचा हीटर बंद कर, तो सगळ्यात जास्त वीज खातो. कॉन्सन्ट्रेटरला स्वतंत्र प्लग दे, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

पहिले काही दिवस काकी मास्क ओरबाडून काढतील. गुदमरल्यासारखं होतं त्यांना, हट्ट समजू नकोस. आधी दुपारी जागेपणी अर्धा तास लाव, हात हातात घेऊन बस, गावच्या गोष्टी काढ. अण्णांना रमायला बारा दिवस लागले. आता मी लिहितोय आणि पलीकडे त्यांचं मशीन चाललंय. लय जरा बदलली तरी मला झोपेतून जाग येते. तुलाही येईल.

रविवारी सकाळच्या लोकलने मुलुंडला येतोय. प्रिन्सेस स्ट्रीटवरून पांढरे फिल्टर आणि एक जादा नळी आणतो. तेवढं एक कळव, काकींना मास्क कुठल्या मापाचा दिलाय, एस की एम? पाकिटावर लिहिलेलं असतं.

तुझा,
विज्या