आदल्या दिवशीचे वजन पुरेसे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट 100 ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हापासून वजनकाट्याची चर्चा आपल्याकडे घरोघरी होते. पण त्या चर्चेत कुस्ती, हौशी बॉक्सिंग आणि व्यावसायिक बॉक्सिंग यांचे नियम सर्रास एकाच पोत्यात भरले जातात. कुस्ती आणि हौशी बॉक्सिंगमध्ये ज्या दिवशी लढत, त्याच दिवशी सकाळी वजन. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ते आदल्या दिवशी होते आणि बहुतेक लढतींत तेवढेच. काट्यावरून उतरल्यापासून रिंगमध्ये शिरेपर्यंत एखाद्याने सहा-सात किलो भरून काढले, तरी त्याला कोणी विचारत नाही.

याचे टोक 26 फेब्रुवारी 2000 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिसले. आर्तुरो गाटी आणि जोई गमाश यांच्या लढतीची करारातली मर्यादा 141 पौंड होती. लढतीच्या रात्री एचबीओ वाहिनीच्या काट्यावर गाटी 160 भरला, गमाश 145. म्हणजे जवळजवळ सात किलोंचा फरक. दुसऱ्या फेरीत गमाश बेशुद्ध पडला, मेंदूला इजा झाली आणि तो पुन्हा कधीच लढला नाही. गाटीचे आदल्या दिवशीचे वजन नीट घेतलेच नाही, या आरोपावरून प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे चालले.

वजन उतरवण्याची पद्धत नीट समजून घ्यायला हवी, कारण शेवटच्या आठवड्यात उतरते त्यात चरबी फार थोडी असते. आधी भात, पोळी, बटाटा बंद होतो. स्नायूंत साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीच्या साखरेबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, ते त्याच्यासोबत निघून जाते. मग मीठ आणि चोथा कमी करतात. पहिले काही दिवस मुद्दाम सात-आठ लिटर पाणी पितात, म्हणजे लघवी वाढते, आणि शेवटच्या दिवशी पाणी एकदम तोडतात. तरीही दोन-तीन किलो उरतात. ते काढायचे घामावाटे. चाळीस अंशांच्या आसपास गरम पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे, मग तितकाच वेळ टॉवेलांत गुंडाळून पडायचे, वजन करायचे, पुन्हा टब. एक लिटर घाम म्हणजे एक किलो.

धोका शेवटच्या किलोत आहे. रक्तातले पाणी आटले की त्वचेकडे रक्त कमी जाते, घाम थांबतो. घाम थांबला की काटा हलत नाही आणि शरीराची उष्णता मात्र चढत राहते. अशा वेळी साथीदार टब आणखी गरम करतात. नेमके हेच करायचे नसते. तिथून पुढे पेटके, चक्कर, उष्माघात, मूत्रपिंडाला इजा, हृदयाचे ठोके बिघडणे, या क्रमाने गोष्टी जाऊ शकतात.

पाणी परत भरणेही वाटते तितके सोपे नाही. चार किलो गेले असतील, तर सुमारे सहा लिटर प्यावे लागते, कारण बराच भाग लघवीवाटे जातो. पोटातून तासाला फार तर लिटरभर पुढे सरकते. नुसते पाणी ढोसले तर तेही टिकत नाही, वर रक्तातले सोडियम उतरते. जलसंजीवनीसारखे मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे घ्यावे लागते. शिरेतून सलाइन चढवण्यावर उत्तेजकविरोधी नियमांत बंधन आहे: रुग्णालयातील उपचार वगळता बारा तासांत 100 मिलीलिटरपेक्षा जास्त चालत नाही.

यावर 'लढतीच्या दिवशीच वजन घ्या' असे उत्तर अनेकजण देतात. पूर्वी तसेच होते. 1982 मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना झालेल्या इजेने दक्षिण कोरियाचा मुष्टियोद्धा किम डुक-कू काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतरच्या सुधारणांच्या लाटेत फेऱ्या पंधराच्या बारा झाल्या आणि वजन आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रुजली, ती मुष्टियोद्ध्याला पाणी भरायला वेळ मिळावा म्हणून. सवलत दिली ती सुरक्षिततेसाठी. वापरली गेली जास्त पाणी काढण्यासाठी. नुसता दिवस बदलला, तर काही जण तेवढेच पाणी काढतील आणि सुकलेल्या अंगाने रिंगमध्ये उतरतील.

आयबीएफ (इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन) ही व्यावसायिक बॉक्सिंगची संघटना किताबी लढतीच्या सकाळी दुसरे वजन घेते आणि गटाच्या मर्यादेहून 10 पौंडांपर्यंतच वाढ मान्य करते. मार्च 2017 मध्ये डॅनिएल जेकब्सने ही तपासणी टाळली, म्हणून गोलोव्किनविरुद्ध आयबीएफचा पट्टा त्याला मिळण्यासारखा राहिला नव्हता. तरतूद चांगली आहे, पण सरसकट 10 पौंड हा आकडा आम्हाला पटत नाही. 105 पौंडांच्या मुष्टियोद्ध्याला ती साडेनऊ टक्क्यांची मोकळीक होते, 175 पौंडांच्याला पावणेसहा टक्क्यांची. मर्यादा टक्क्यांतच हवी. शिवाय सकाळी पुन्हा काट्यावर चढायचे म्हणून मुष्टियोद्धा रात्रभर घोट मोजत बसतो. एप्रिल 2025 मध्ये लंडनला ख्रिस युबँक ज्युनियरच्या करारात असेच कलम होते. आदल्या दिवशी तो 160 पौंडांच्या मर्यादेहून 0.05 पौंड, म्हणजे जेमतेम 23 ग्रॅम, जास्त भरला आणि पाच लाख डॉलर दंड झाला. लढत तो जिंकला, पण नंतर त्याला रुग्णालयात न्यावे लागले. मोठ्या नावाच्या खेळाडूला समोरच्याला सुकवायचे हत्यार मिळावे, यासाठी असली कलमे नसावीत.

खरा उपाय काट्याच्या आधी आहे. 1997 मध्ये अमेरिकेत वजन उतरवताना महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण काही आठवड्यांच्या अंतराने मेले. त्यानंतर तिथे घाम काढायचे रबरी सूट आणि सॉना (तापवलेली खोली) बंद झाले, हंगामाच्या सुरुवातीलाच लघवीची घनता व शरीरातली चरबी तपासून प्रत्येकाचे किमान वजन ठरू लागले, आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त घट अमान्य झाली. विद्यार्थ्यांना जे संरक्षण मिळते, ते पैसे घेऊन ठोसे खाणाऱ्यांना का मिळू नये?

भारतातही आता व्यावसायिक लढती होतात. करार सहीला येण्यापूर्वीच दोघांची अशी तपासणी व्हावी आणि लढतीच्या तीस व सात दिवस आधी पुन्हा व्हावी. रिफ्रॅक्टोमीटर हे लघवीची घनता, म्हणजे अंग किती सुकले आहे, ते दाखवणारे हातात मावणारे साधन आहे, लघवीचे दोन-तीन थेंब पुरतात. घनतेचा आकडा 1.020 च्या वर गेला, तर त्या दिवशीचे वजन ग्राह्य धरू नये, आणि पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगावे.

आपले नम्र,
बॉक्सिंग प्रशिक्षक व क्रीडावैद्यक क्षेत्रातील काही वाचक, पुणे